न दुखणारा पाय

डोंबिवलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये एकाने माझ्या पायावर पाय दिला आणि "सॉरी" म्हणाला. मला काहीच जाणवलं नव्हतं. "चालतं" म्हणून मोकळा झालो. रात्री मोजा काढला तेव्हा अंगठ्याचं नख उखडलेलं होतं, मोज्याला रक्त.

बाराव्या वर्षापासून मला टाइप १ डायबिटीस आहे. वाढलेली साखर सहसा आधी सगळ्यात लांब नसा बिघडवते, म्हणून सुरुवात तळव्यांपासून. आतडी हलवणाऱ्या नसाही बिघडू शकतात. मग चार-चार दिवस पोट साफ होत नाही. बधिर पायांबद्दल मी ऑफिसातही बोललो. पोटाबद्दल मात्र दोन वर्षं डॉक्टरांनाही सांगितलं नाही. लाज वाटली.

वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं, की कुष्ठरोगात बोटं सडून गळत नाहीत. दुखत नसल्याने रोजच्या जखमा दुर्लक्षित राहतात आणि बोटं झिजतात.

आमच्या कामात अलर्ट आला नाही, तर अलर्ट यंत्रणा चालू आहे का, हे आधी बघतात. शरीराबाबत मी उलट वागलो: दुखत नाही ना, मग ठीक आहे.

जे जाणवतच नाही, त्याची जबाबदारी माझी कशी? मला वाटतं, माझीच. त्या माणसाने मला माझ्याच पायाची बातमी दिली होती. खाली बघणं माझं काम होतं. आता रोज रात्री आरसा धरून तळवे बघतो. पोटाची नोंद फोनमध्ये ठेवतो आणि डॉक्टरांना दाखवतो. पहिल्यांदा दाखवताना हात थरथरला. त्यांनी फक्त विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"