भाव आणि देणं

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत बैल घ्यायला गेलेला आमच्या उंबरमाळीकडचा शेतकरी आधी दात बघतो, मग चालवून बघतो. अंगात काम किती उरलंय, त्यावर किंमत. बैल म्हातारा झाला की भाव उतरला.

जुन्या मोटारींच्या लिलावात हा हिशेब उलटा. मे 2022 मध्ये जर्मनीत 1955 सालची एक मर्सिडीज साडेतेरा कोटी युरोंना गेली. आपले हजार कोटींवर रुपये! तसल्या दोनच गाड्या बनल्या. बनवली शर्यतीसाठी, पण शर्यतीत एकदाही उतरली नाही.

आणि आपली कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी? काळीपिवळी होऊन मुंबईत रात्रंदिवस राबली. वीस वर्षांच्या नियमानं 30 ऑक्टोबर 2023 पासून तिची टॅक्सी बंद झाली. बहुतेक गाड्या त्याआधीच भंगारात गेल्या होत्या.

मग राबण्याला मोल नाही म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. लिलावात बोली लागते ती दुर्मिळपणावर आणि घेणाऱ्यांच्या चुरशीवर. त्या वस्तूनं कुणासाठी काय केलं, हे तिथं कुणी विचारत नाही. ते विचारायचं ज्यानं तिच्याकडून काम घेतलं त्यानं.

दहा-बारा पावसाळे नांगर ओढलेला बैल दावणीला आहे. चारा परवडत नाही, हे खरंच. पण त्याला बाजारात काय येईल हा एक प्रश्न, आणि आपण त्याचं काय लागतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर व्यापारी देईल. दुसऱ्याचं आपल्यालाच द्यावं लागतं.