ठेव परत मागणारा मित्र

कांजूरमार्ग पश्चिमेला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तिथून भांडुप-विक्रोळीपर्यंतच्या चाळी आणि सोसायट्यांमध्ये फौजेतून निवृत्त झालेली माणसं राहतात. साताऱ्याकडची, कोल्हापूरची, कोकणातली. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शन सुरू झालेली असते, पण मुलं अजून शाळेत असतात आणि मुंबईतल्या घराचा खर्च पेन्शनमध्ये भागत नाही. मग तो बँकेत किंवा कॅश व्हॅनवर गनमॅन म्हणून उभा राहतो. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या कायद्यानेच माजी सैनिकांना या कामात प्राधान्य देण्याची तरतूद केली आहे. खांद्यावर बाराबोरची बंदूक आणि खिशात स्वतःच्या नावाचा परवाना असेल तर पगार नि:शस्त्र रखवालदारापेक्षा बरा मिळतो. त्याच्या लेखी हा परवाना म्हणजे मुलांची फी असते.

आता अशा माणसाला रात्री झोप लागेनाशी झाली, जुन्या पोस्टिंगची दृश्यं डोळ्यांपुढून हलेनाशी झाली, बायकोच्या साध्या बोलण्यावर तो अंगावर धावून जाऊ लागला, तर त्याच्या परवान्याचं काय करायचं? आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

अमेरिकेत शस्त्र कपड्याखाली लपवून बाळगण्याचे परवाने राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत. तिथे माजी सैनिक, मानसिक आजार आणि पिस्तूल या तिढ्यावर वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखाली मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात आणि अर्जदाराची चौकशी स्थानिक पोलीस ठाणं करतं. २०१६ च्या नियमांपासून अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो आणि त्यात मानसिक आरोग्याचा खास उल्लेख असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे एकदा दाखला मिळाला की पुढची पाच वर्षं कागदावर तो माणूस ठणठणीत.

त्याच कायद्यानुसार मनोविकल माणसाला परवाना देता येत नाही, आणि दिलेला असला तर तो काढून घेता येतो. दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बजावतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याला मनोविकल मानायचं नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवायला हवं. हे दोन कायदे शेजारीशेजारी ठेवले की मधल्या जागेत एक मोठा समूह उभा दिसतो. त्यात गोळ्या घेऊन नीट काम करणारे आहेत, आणि गोळ्या घ्यायला हव्यात पण कुणाला कळू नये म्हणून न घेणारेही आहेत. ही दुसरी माणसं अधिक काळजीची, आणि त्यांची संख्या आपणच वाढवतो.

फौजेत वैद्यकीय वर्गवारीला शेप म्हणतात. त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या स्थितीचं. 'शेप-वन' असणं ही जवानाची शान असते. एस खाली गेला की बढती अडते, पोस्टिंग बदलतं, बराकीत कुजबुज सुरू होते. वीस वर्षं हे पाहिलेला माणूस घरी येतो तेव्हा एक धडा सोबत आणतो: मनाचं दुखणं सांगायचं नाही. त्यात परवाना गेला तर नोकरीही जाणार. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दारं उघडी आहेत. आत गेल्यावर पोटावर पाय येईल, या भीतीने माणूस उंबरठ्यावरून परततो.

हा प्रश्न नुसत्या कायद्याचा नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये ओळखलं गेलं होतं. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादाच्या पहिल्याच भागात म्हातारा केफॅलस म्हणतो की न्याय म्हणजे खरं बोलणं आणि ज्याचं त्याला परत करणं. सॉक्रेटिस त्याला अडवतो. मित्राने शहाणपणाच्या स्थितीत आपल्याकडे शस्त्रं ठेवायला दिली. पुढे त्याचं भान हरपलं आणि तो ती परत मागू लागला, तर देणं न्यायाचं होईल का? नाही, यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं. सॉक्रेटिस स्वतः पोटिडिया आणि डेलियमच्या लढायांमध्ये ढाल-भाला घेऊन लढलेला होता, हे इथे विसरू नये. माजी सैनिकाचा हात शस्त्राकडे कसा जातो, हे त्याने जवळून पाहिलं असणार.

ते एकमत मुंबईच्या वेशीवर किती अपुरं पडलं, हे ३१ जुलै २०२३ च्या पहाटे दिसलं. जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानावर आपले वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीना, आणि तीन प्रवासी यांना सरकारी रायफलीने ठार केल्याचा आरोप आहे. तो माजी सैनिक नव्हता आणि त्याच्या रायफलीला परवान्याची गरज नव्हती. तरी त्याच्या सहकाऱ्याने पोलिसांना दिलेला जबाब वाचला की सॉक्रेटिसचा प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. जबाबानुसार, त्या जवानाने बरं वाटत नाही, मला वाटेत उतरू द्या, अशी विनंती केली होती. वरिष्ठांनी त्याला ड्यूटी संपेपर्यंत आराम करायला सांगितलं. सहकाऱ्याने त्याची रायफल स्वतःकडे घेतली आणि तो आडवा झाला. थोड्या वेळाने उठून त्याने रायफल परत मागितली. सहकाऱ्याने नकार दिला, तेव्हा त्याने त्याचा गळा आवळायचा प्रयत्न केला आणि रायफल हिसकावली. घाईत हाती आलेली रायफल सहकाऱ्याचीच निघाली. चूक लक्षात आल्यावर अदलाबदल झाली आणि त्याची रायफल त्याच्याकडे परत गेली.

ठेव मागितली गेली, नाकारली गेली, आणि शेवटी परतही दिली गेली. धावत्या गाडीत त्या सहकाऱ्याने एकट्याने काय करायला हवं होतं, हे घरी बसून सांगणं सोपं आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शस्त्र ठेवून घेण्याचा अधिकार, जागा आणि पाठबळ यांतलं काहीच त्या क्षणी त्याच्यामागे उभं नव्हतं.

याच प्रकरणाने दुसरी एक सावधगिरीही शिकवावी. मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुस्लिम होते आणि समाजात तेढ वाढवण्याचं कलमही आरोपपत्रात आहे. मानसिक आजाराची चर्चा तेव्हा पहिल्याच दिवशी सुरू झाली. आजार हे द्वेष झाकायचं पांघरूण होऊ नये. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं आयुष्यात कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. प्रत्येक हत्याकांडानंतर 'डोकं फिरलं असेल' म्हणून मोकळं होणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शस्त्रधारी माणसाच्या हातून सर्वाधिक धोका खरं तर त्याला स्वतःलाच असतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी दहातल्या सात बंदुकीने होतात. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा बदल केला: शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना जवानांनी रायफल तळावर ठेवायची. तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. मनातली वेदना त्या दोन दिवसांत नाहीशी झाली नव्हती. हाताशी रायफल नव्हती, म्हणून तो क्षण टळला आणि अनेकांच्या बाबतीत तो परत आलाच नाही.

महाभारतात हा क्षण नेमका टिपलेला आहे, आणि तो कुरुक्षेत्राच्या ऐन धुमश्चक्रीत. कर्णपर्वात जखमी युधिष्ठिर छावणीत पडला आहे. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर तो संतापून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा असते की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मी ठार करीन. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण मध्ये पडतो, त्याला बोलण्यात गुंतवतो. वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध, म्हणून शब्दांनी वार कर, असा मार्ग काढतो. अर्जुन बोलतो, आणि लगेच पश्चात्तापाने पुन्हा तलवार उपसतो. या वेळी स्वतःला मारण्यासाठी. कृष्ण पुन्हा वाट काढतो: आत्मस्तुती हीच आत्महत्या, ती कर.

एकाच संभाषणात तीच तलवार आधी भावाकडे वळते, मग स्वतःकडे. अनेक दिवसांच्या लढाईने थकलेला, जगातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर, आणि शस्त्र सोड म्हटल्याबरोबर त्याचा तोल जातो. कारण गांडीव त्याच्या लेखी धनुष्य उरलेलं नाही, तो स्वतःच गांडीव झाला आहे. परवाना रद्द झाल्याची नोटीस हातात पडलेल्या माजी हवालदाराचा संताप समजून घ्यायचा असेल तर हा प्रसंग वाचावा. कृष्ण इथे अर्जुनाला वेडा ठरवत नाही, त्याची प्रतिज्ञाही खोटी पाडत नाही. तो वेळ मिळवतो.

अश्वत्थाम्याला तो वेळ कुणी दिला नाही. बापाच्या वधाने पोळलेला हा योद्धा युद्ध संपल्यावर रात्री झोपलेल्यांना कापून काढतो, अस्त्र सोडतो आणि ते मागे घेता येत नाही असं कबूल करतो. त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला जातो आणि त्याला माणसांतून हाकललं जातं. सातपुड्यात तो अजून भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं खानदेशात सांगतात. त्याचा अपराध भयंकर होता, यात शंका नाही. पण शस्त्र काढून घेणं आणि माणसांतून घालवणं या दोन शिक्षा तिथे एक झाल्या, आणि आपणही त्या नकळत एकच समजत आलो आहोत. परवाना गेला म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे गल्लीत नाव गेलं. अमेरिकेत तर पैशांचा व्यवहार स्वतः सांभाळू न शकणाऱ्या माजी सैनिकांची नावं अनेक वर्षं बंदूकबंदीच्या यादीत जात होती. ते धोकादायक आहेत का, हे कुणी तपासतच नव्हतं. २०२४ मध्ये तिथल्या संसदेने न्यायालयाच्या आदेशाविना असं करायला मनाई केली.

तिसरी वाट आपण दर दसऱ्याला आठवतो. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शस्त्रं शमीवर बांधून ठेवली आणि वर्षभर त्यांच्याविना राहिले. वनवासाच्या शर्तीने बांधलेले असले तरी शस्त्रं त्यांनी आपल्या हातांनी ठेवली आणि वेळ आल्यावर तीच परत घेतली. खंडेनवमीला शस्त्रं पुजणाऱ्या समाजाला शस्त्र ठेवण्याची ही रीत परकी नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्येही तिला जागा आहे. शस्त्र बाळगणं बेकायदा ठरलं तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, आणि ठरलेल्या मुदतीत अडचण दूर झाली तर परत मिळण्याचा हक्क राहतो. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं जमा होतात, तेव्हा कुणी त्यात अपमान मानत नाही. मग डॉक्टरने सहा महिने विश्रांती सांगितली म्हणून बंदूक ठाण्यात ठेवणाऱ्याची मान का खाली जावी?

यासाठी नवा कायदा लागणार नाही. लागेल तो तीन ठिकाणचा भरवसा. ठाण्यात बंदूक जमा करायला आलेल्याची नोंद गुन्हेगारासारखी होणार नाही, हा एक. डॉक्टरकडे बोललेलं तिथेच राहील, हा दुसरा. दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर डॉक्टरला माहिती देण्याची मुभा २०१७ च्या कायद्याने ठेवलेली आहेच, पण तो अपवाद आहे. आणि तिसरा, बहुधा सर्वांत कठीण: सुरक्षा एजन्सीने त्या काळात त्या माणसाला तेवढ्याच पगारावर सीसीटीव्हीच्या खोलीत किंवा गेटवरच्या नोंदवहीवर बसवावं. तेवढं झालं तर बंदूक ठेवण्याचा निर्णय तो स्वतः घेऊ शकेल. बहुतेक घरांत आज हे ओझं बायको एकटी वाहते. काडतुसं कुठे ठेवायची, कुणाला सांगायचं, सांगितलं तर घर चालेल का, हे सगळं तीच ठरवते.

अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. तिच्यातले चारातले तीन अग्निवीर चार वर्षांनी परततील, विशीच्या मध्यावर. सध्याच्या योजनेत त्यांना ना पेन्शन आहे, ना ईसीएचएसचं कार्ड. शस्त्र परवान्यासाठी वयाची अट एकवीस वर्षं पूर्ण असण्याची, ती त्यांनी ओलांडलेली असेल. बँका आणि कॅश व्हॅनना गनमॅन लागतच राहतील, आणि यांच्यातले काही आयुक्तालयात अर्ज घेऊन उभे राहतील. मनाचा डॉक्टर त्यांना कुठल्या कार्डावर भेटणार, हे त्यांचे अर्ज येण्याआधी ठरवायला हवं.