तिसऱ्या घंटेनंतर

रविवारची रात्र आहे. खुर्चीत नीट टेका. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. त्यातले फोटो आज उपयोगाचे नाहीत.

कोजागरी झाली, दिवाळी अजून यायची आहे, त्यांच्या मधले हे दोन दिवस. पाऊस गेला, कासची फुलं ओसरली, घराची झाडलोट अजून आठवडाभर पुढे ढकलता येते. म्हणून सगळी आमंत्रणं याच शनिवार-रविवारवर येऊन पडली. कुठे कुठे गेलो याची यादी करू नका. मनाला एवढंच विचारा, की या दोन दिवसांत आपण वाट कशाची पाहिली? उत्तराची घाई नाही.

सातारा आठवा. शनिवारची सकाळ, राजवाड्याकडची गर्दी, कंदी पेढ्यांचं दुकान. गाडी रस्त्यातच उभी होती, मागून हॉर्न वाजत होते. एक पेढा तोंडात टाकलात आणि तो विरघळायच्या आत पैसे देऊन निघालात. तोच पेढा आता पुन्हा जिभेवर घ्या. कुणीतरी दूध आटवत बसलं होतं, मग खवा तांबूस होईपर्यंत परतत राहिलं होतं. त्या भट्टीपाशी उभं राहून हातातला झारा हलवत असल्यासारखं थोडा वेळ राहा. आधी खरपूसपणा येतो, गोडी मागून येते. ती येईतो दुसरा विचार आणू नका. आला तर येऊ द्या. पेढा कुठे जात नाही.

दुपारी हायवेलगतच्या हॉलमध्ये कुणाची तरी पन्नाशी होती. बुफेच्या रांगेत तुम्ही उभे होतात, पण ते वाट पाहणं नव्हे, ती चिडचिड होती. एकाच ताटात पाणीपुरी, मंचुरियन आणि पुरणपोळी. त्यातलं काही आठवत नसेल तर आठवू नका.

रविवारी कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली. संध्याकाळी भावे नाट्यमंदिर. इथे जरा जास्त थांबू.

पहिली घंटा झाली तेव्हा तुम्ही बाहेर चहा घेत होतात. दुसरीला खुर्चीचा नंबर शोधत होतात. मग तिसरी. दिवे मंदावले, कुजबुज विरत गेली, कुणीतरी शेवटचं खोकून घेतलं. पडदा अजून हललेला नाही. मनाने तिथेच बसा. शेजारचे लोक ओळखीचे नाहीत, तरी सगळे एकाच दिशेला बघतायत आणि समोर अजून काहीच नाही. नाटक कसं होतं हे बाजूला ठेवा. मला तर कितीदा वाटतं, तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

सांगलीला या क्षणाची सवय जुनी आहे. १८४२ मध्ये कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि असं काही मराठीत करा, असं विष्णुदास भाव्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून आपण पाळतो, तो त्याचाच. त्या प्रेक्षकांत तुम्हीही आहात असं समजा. सीतेची गोष्ट तोंडपाठ आहे, धनुष्य मोडणार हेही ठाऊक आहे, पण ही गोष्ट अशी मराठीत समोर उभी राहणार कशी, ते ठाऊक नाही. त्या न ठाऊक असण्यात थोडं रेंगाळा. ट्रेलर पाहून थिएटरात शिरणाऱ्या आपल्याला ते थोडं जड जाईल.

आता मध्यंतर. हातात कागदी पुडीतलं भडंग, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. हे मात्र तुम्ही भराभर खाल्लंत, आणि बरोबर केलंत. कांदा घालून कालवलेलं भडंग थांबलेलं खपवून घेत नाही, बघता बघता मऊ पडतं. दुधाला लागतो तो धीर इथे कामाचा नाही. मग या दोन दिवसांतली कुठली घाई पेढ्याजवळची आणि कुठली भडंगाजवळची, ते सावकाश वेगळं करत बसा. मित्राची गळाभेट, पोराचा नाचायचा हट्ट, भूक लागलेली असताना पुढ्यात आलेला पहिला घास: प्रत्येकाला आपापल्या जागी ठेवा. काही कुठेच बसणार नाही. ते तसंच राहू द्या.

सांगलीहून आणलेला भडंगाचा पुडा ओट्यावर असेल. उठावंसं वाटलं तर उठा, कांदा चिरा. फक्त एकदा कालवलंत की पुन्हा मनन करत बसू नका.