पूर्वज पोलीस होता, पुढे?

आयरिश वंशावळी शोधणाऱ्यांमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं: पूर्वज पोलीस निघाला तर नशीब समजा. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात वाढलेली पतवंडं एकमेकांना धीर देताना ते म्हणतात. कारण उघड आहे. शेतमजुराच्या आयुष्याची नोंद कोण ठेवणार? पोलिसाची मात्र सरकार ठेवतं. तरीही हे वाक्य खटकत राहतं. नशीब नेमकं कशाचं? माणूस सापडल्याचं, की त्याचं सेवापुस्तक सापडल्याचं?

बटाट्याचा दुष्काळ, उपासमार, माणसांनी भरून गेलेली जहाजं, हे सगळं सांगून झालेलं आहे. शोध घेणाऱ्याचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधला सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनांचे कागद जवळपास सगळे गेले. १८६१ आणि १८७१चे सरकारनं त्याआधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. संपूर्ण शिल्लक राहिलेली पहिली जनगणना १९०१ची. तोवर देश सोडून गेलेले लाखो लोक तिच्यात सापडायचे कसे?

अशा उजाड जागी रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या ब्रिटिश काळातल्या पोलीस दलाच्या नोंदवह्या मात्र शाबूत आहेत. १८१६ पासून १९२२ पर्यंतच्या, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. उंची, वय, धर्म, आधीचा धंदा, बदल्या, शिक्षा, पेन्शन, सगळं ओळीनं. पण लग्नाच्या रकान्यापाशी जरा थांबावं. तिथे लग्नाची तारीख असते आणि बायको कोणत्या काउंटीची ते असतं. तिचं नाव नसतं. नियमच होता की शिपायाला स्वतःच्या किंवा बायकोच्या काउंटीत नेमायचं नाही. बदलीसाठी लागेल तेवढंच लिहिलं गेलं. जिनं दर बदलीला बिऱ्हाड हलवलं, तिचं नाव लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही.

म्हणून नोंद आणि चरित्र यांत फरक करायला हवा. नोंद ठेवणाऱ्याला जे हवं असतं तेच नोंदीत उतरतं. चरित्राला त्या माणसाला काय हवं होतं ते कळावं लागतं. ‘काहीच नसण्यापेक्षा उंची कळलेली बरी’ असं कुणी म्हणेल. बरी खरंच, पण उंची कळली म्हणून पणजोबा कळले असं मानून शोध तिथेच थांबवणारे फार आहेत, आणि भांडण त्यांच्याशी आहे.

ही नोंदवहीची शिस्त मराठी वाचकाला तशी परकी नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरनं तिथलं पोलीस दल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर उभं केलं. पुढे सिंध मुंबई इलाख्यात आला आणि तो नमुना इलाख्याच्या इतर भागांतही पोचला. परक्या राज्याला रयतेवर नजर ठेवण्यासाठी जी घडण लागते, ती आधी आयर्लंडात पारखून घेतली गेली होती. तिथली दप्तरं इतकी चोख का, याचं एक उत्तर यातही आहे.

नोंद आणि चरित्र यांतला तो फरक पारखण्यासाठी आता फ्रान्सिस ओ’नील या आयरिश पोलिसाची गोष्ट. जन्म १८४८चा, कॉर्क काउंटीत बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेनचा. १८६५ मध्ये घर सोडून तो जहाजावर चढला. स्थलांतरिताचा शोध प्रवाशांच्या यादीपासून सुरू करायची रीत आहे. हा तिथे भेटणार नाही, कारण अटलांटिक ओलांडला तो खलाशी म्हणून. ज्या ‘एमरल्ड आइल’ जहाजावर तो कामाला होता, त्यावर ॲना रॉजर्स नावाची मुलगी प्रवासी होती. १८७० मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला दोघांचं लग्न झालं.

मधल्या काळात पॅसिफिकमधल्या बेकर बेटावर त्याचं जहाज फुटलं. सुटका करणाऱ्या जहाजावर अन्न मोजून मिळत होतं. तिथल्या एका हवाईयन खलाशाकडे बासरी होती. ओ’नीलनं ती मागून घेतली आणि लहानपणी ऐकलेल्या चाली वाजवल्या. त्या खलाशानं आपल्या वाट्याचा पोई (अळूच्या कंदाचा लगदा) आणि सामन मासा त्याच्यापुढे केला. ही हकीकत ओ’नीलनं स्वतः लिहून ठेवली म्हणून कळते. कुठल्या रकान्यात ती मावली असती?

१८७३ मध्ये तो शिकागो पोलिसात लागला. महिनाभरातच एका घरफोड्यानं झाडलेली गोळी पाठीच्या कण्याजवळ रुतली आणि जन्मभर तिथेच राहिली. १९०१ ते १९०५ तो शहराचा पोलीसप्रमुख होता. १९०१च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींवर गोळी झाडली गेली, तेव्हा कटाच्या संशयावरून अराजकवादी एमा गोल्डमनला शिकागोत पकडलं. तिनं आत्मचरित्रात लिहिलं आहे की या प्रमुखानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं, त्याला ते पटलं आणि नंतर कोठडीतली वागणूक सुधारली. ज्यांच्यावर पोलिसानं नजर ठेवली, त्यांच्या लिखाणातही पूर्वज शोधावा तो यासाठी.

इथवर फरक टिकतो: एकीकडे नोकरी, दुसरीकडे बासरी. पण ओ’नीलचं पुढचं आयुष्य तो टिकू देत नाही. १९०३ मध्ये त्यानं १,८५० आयरिश चालींचा संग्रह छापला. स्वरलेखन त्याला नीट जमत नसे; तो वाजवून दाखवी आणि जेम्स ओ’नील नावाचा अल्स्टरचा फिडलवादक ते कागदावर उतरवी. हा जेम्सही शिकागो पोलिसातलाच. बर्नार्ड डिलेनी हा पाइपवादक ओ’नीलच्या वजनामुळे पोलिसात लागला. तोही एकटा नव्हता. सरळ शब्दांत हा वशिला होता, आणि वंशजांनी तो झाकू नये. ज्या वशिल्यानं शहराच्या पगारावर वादक पोसले, त्याच वशिल्यानं गावाकडच्या चाली जिवंत राहिल्या. दोन्ही खरं आहे. नोकरी बाजूला काढून उरलेल्या माणसाला ओ’नील म्हणता येत नाही.

त्याचं १९१३चं पुस्तक तर ही गोष्ट पक्कीच करतं. त्यात शेकडो वादकांची चरित्रं आहेत: नाव, गाव, गुरू कोण, समुद्र ओलांडून कुठे गेला, शेवट कसा झाला. यातल्या कित्येकांजवळ विकण्यासारखं कौशल्य सोडलं तर काहीच नव्हतं. काही आंधळे होते, काही फिरस्ते. त्यांच्यासाठी कुठल्याही सरकारनं वही उघडली नव्हती. ती उघडली एका निवृत्त पोलीसप्रमुखानं, चौकशी करून, पत्रं पाठवून, तपशील जुळवून. म्हणजे पोलिसाच्याच पद्धतीनं. त्या पुस्तकात नोंद आणि चरित्र वेगळी काढता येत नाहीत, कारण तिथे नोंद ठेवणाऱ्याला जे हवं होतं तेच त्या वादकांनाही प्राणांपलीकडे प्रिय होतं. १९३१ मध्ये त्यानं आपला ग्रंथसंग्रह नोटर डेम विद्यापीठाला दिला आणि त्याच सुमारास स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. त्या छापायला २००८ उजाडलं, आणि ते काम पुढे नेण्यात त्याची एक पणती होती.