चिलटांचा प्रश्न

मेक्सिकोतल्या चुनखडीच्या कड्यांवर वाढणारी बटरवर्ट आमच्या खिडकीत आली आणि शाकाहारी घरात वाद पेटला. दिसायला गरीब, पण पानं चिकट. चिलट बसलं की संपलं. पान त्याला सावकाश पचवतं. आई म्हणाली, "चातुर्मासात तरी हे नको रे!" मी म्हटलं, "अगं, ही हिवाळ्यात उपास करते." खरंच, कोरड्या थंडीत तिला बारीक, गुबगुबीत, न चिकटणारी पानं येतात. चातुर्मास चुकतो, पण उपास खरा.

मग मला संकराची हुक्की आली. मोरानेन्सिस आणि एलर्सिए यांची सोयरीक जमवायची! ('सेथॉस' हे गाजलेलं अपत्य याच घराण्यातलं.) फुलात परागांवर एक पडदा असतो. दात कोरायच्या काडीनं तो उचलून एकीचे पराग दुसरीला लावले. धुळीसारखं बी ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरलं, वर माती नाही. चाळीस रोपं आली. दुसऱ्या वर्षी फुलं.

जाणकार सांगतात, उत्तम तेवढी ठेवा, बाकीची टाका. पाच देखणी निघाली. उरलेली पस्तीस धडधाकट, फक्त साधी. मी चिमटा उचलला खरा; पण झाडानं चिलट मारलं ते पोटासाठी, मी कशासाठी?

आई मागं उभीच होती. "तुम्हा भावंडांत मी असं निवडलं असतं, तर तू कुठं असतास?"

आता पस्तीस कपांत पस्तीस रोपं आहेत. चहा आम्ही पेल्यातून पितो. परवा पाहिलं, खिडकीत काळं पडलेलं केळं ठेवलेलं. आई म्हणाली, "एवढ्या पोरांना चिलटं पुरायला नकोत का?"