खेळाडूची किंमत आणि खेळाडूचे मोल

माणसाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न जुना आहे. पण जुने प्रश्न नवी वस्त्रे नेसून दारी येतात, आणि ओळख पटण्यापूर्वीच आपण त्यांस घरात घेऊन बसविलेले असते. आमच्या घरी हा प्रश्न एका शाळकरी मुलाच्या तोंडून आला. तो त्याने आमच्यापासूनच उचलला होता, हे ध्यानात यावयास आम्हांस काही महिने लागले.

२०२४ सालच्या नोव्हेंबरच्या २४ व २५ तारखांस अरबस्तानातील जेद्दा शहरी इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते दिवस कापसाच्या वेचणीचे आणि विक्रीचे. ओसरीवर बसलेली मंडळी लांब धाग्याच्या कापसाचा ७,५२१ रुपयांचा हमीभाव पदरात पडेल की नाही, ह्याची काळजी वाहत होती. आणि आत माजघरात दूरचित्रवाणीसमोर बसलेली मंडळी कोटींच्या बोली ऐकून टाळ्या पिटत होती. ऋषभ पंत ह्यांस लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांस घेतले. इतकी बोली त्या लीगमध्ये पूर्वी कोणावरही लागली नव्हती. अमरावतीचे जितेश शर्मा ह्यांस बंगळूरच्या संघाने ११ कोटींस घेतले, तेव्हा ‘आपला वऱ्हाडचा मुलगा’ म्हणून ओसरीवरची मंडळीही आत आली. येथवर सारे आनंदाचेच होते.

पुढे उन्हाळ्यात सामने सुरू झाले. पंत ह्यांची बॅट चालेना. अखेरच्या सामन्यापूर्वी त्यांच्या सर्व डावांच्या मिळून १५१ धावा झाल्या होत्या. आमच्या घरच्या मुलाने कागद-पेन्सिल घेऊन भागाकार केला आणि एक धाव सुमारे १८ लाखांस पडली असे जाहीर केले. गणित बरोबर होते. आम्ही वडीलधारी माणसे खदखदून हसलो, आणि त्याच्या हुशारीची वाखाणणीही केली. पुढे आठवडाभरातच मैदानावर त्याच्या एका सोबत्याच्या हातून सोपा झेल सुटला, तेव्हा हा त्यास सर्वांदेखत म्हणाला, “तुला तर बेस प्राईसलाही कोणी घेणार नाही!” तो मुलगा काही बोलला नाही, मात्र दुसऱ्या दिवसापासून तो खेळावयास येईनासा झाला. हे आम्हांस कळले तेव्हा मुलास रागे भरण्यासाठी आमचे तोंड उघडेना. त्याने आमचाच न्याय मैदानात नेऊन लागू केला होता. तो न्याय न्याय तरी होता काय, हे तपासून पाहण्यासाठी आजचा हा प्रपंच.

प्रथम, लिलावातील आकडा म्हणजे काय, ते नीट पाहू. खामगावच्या बाजारात कापसाची हर्रासी होते तेव्हा कापूस पिकून, वेचून समोर आलेला असतो. त्याचा धागा किती लांब, ओल किती, कचरा किती, हे हाताने व डोळ्याने पारखता येते. खेळाडूची बोली ह्या जातीची नव्हे. तिला जवळचा दाखला कापसाचा नसून संत्र्याच्या बागेचा आहे. आमच्याकडे, आणि अमरावतीकडे त्याहून अधिक, फळ झाडावर असतानाच व्यापारी सबंध बागेचा सौदा करतो. पुढे गारपीट होईल की फळगळ होईल, नागपुरास भाव चढेल की उतरेल, हे त्यास ठाऊक नसते. तो अंदाज करतो, जोखीम घेतो, व पैसे मोजतो. शिवाय शेजारी दुसरा व्यापारी त्याच बागेवर डोळा ठेवून उभा असेल, तर आकडा वाढतो. त्याने झाडावरचे एक फळही वाढत नाही. खेळाडूच्या लिलावात नेमके हेच घडते. २०२४ च्या त्या लिलावात प्रत्येक संघास खेळाडूंवर एकंदर १२० कोटींपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. ज्या संघांस एकाच वेळी एकाच खेळाडूची गरज पडली, त्यांच्या चढाओढीतून आकडा वर गेला. म्हणजे तो आकडा जितका खेळाडूविषयी सांगतो, तितकाच, किंबहुना अधिक, बोली लावणाऱ्यांच्या गरजेविषयी सांगतो. आता गारपीट झाल्यावर बाग घेतलेला व्यापारी कपाळाला हात लावतो खरा, पण तो झाडास शिव्या देत नाही. आपण मात्र देतो. आणि त्याहून नवल हे की, सौद्यात आपला एक छदामही गुंतलेला नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, झाडास मन नाही, खेळाडूस आहे. झाड आळस करीत नाही, खेळाडू करू शकतो. आणि जो इतके द्रव्य घेतो त्याजकडून कामगिरीची अपेक्षा का करू नये? हा आक्षेप आम्हांस खरोखर वजनदार वाटतो. वेतन घेणाऱ्या माणसावर हौशी माणसाहून अधिक कर्तव्ये येतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती कोणती, ते पाहावे. वैद्याने फी घेतली म्हणजे त्याने रोग्यास नीट तपासावे, औषध विचारपूर्वक द्यावे, रात्री हाक आली तर उठावे, हे त्याजवर बंधन आहे. रोगी जगलाच पाहिजे, हे नाही. त्याचप्रमाणे खेळाडूने अंग राखून खेळू नये, सराव चुकवू नये, संघाशी व खेळाशी बेइमानी करू नये. ही त्याची देणी होत. २०१३ साली ह्याच लीगमध्ये पैसे घेऊन खेळ विकल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा साऱ्या देशास जो संताप आला तो योग्यच होता. परंतु त्या संतापाचा बोलीच्या आकड्याशी काही संबंध नव्हता. तेच कृत्य विनावेतन खेळणाऱ्याने केले असते तरी ते तितकेच निंद्य ठरले असते. तात्पर्य, प्रयत्न हे खेळाडूचे ऋण होय, फळ नव्हे. कर्त्याने फळाची आशा धरू नये, हे गीतेमुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पाहणाऱ्याने मात्र ती व्याजासकट वसूल करावी, असे कोठे सांगितले आहे?

आकड्यावरून कामगिरी तोलण्याची घाई किती फसवी असते, ह्याचे उदाहरण एक वर्ष आधीच घडून गेले होते. २०२३ च्या डिसेंबरातील लिलावात ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज मिचेल स्टार्क ह्यांस कोलकात्याच्या संघाने २४ कोटी ७५ लाखांस घेतले. पहिल्या दोन सामन्यांत त्यांनी ८ षटकांत १०० धावा दिल्या व बळी एकही मिळविला नाही. तेव्हाही असेच भागाकार घरोघर झाले. पुढे मे महिन्यात अंतिम सामन्यात त्यांनी ३ षटकांत १४ धावा देऊन २ गडी बाद केले, ते सामनावीर ठरले, आणि संघ विजेता झाला. मार्चमधील स्टार्क आणि मे महिन्यातील स्टार्क हे दोन निराळे पुरुष होते काय? मनुष्य तोच होता, मनगट तेच होते. ऋतू पुरता होण्याआधीच आपण पिकाचा हिशेब मांडला होता, इतकेच.

ही खोड आपल्याच देशाची आहे असेही नाही. अमेरिकेत फुटबॉल ह्या नावाने जो अंडाकृती चेंडूचा दांडगा खेळ खेळतात, त्यात १९३६ पासून नव्या खेळाडूंची निवड बोलीने नव्हे, तर संघांच्या पाळीपाळीने होते. निवडीपूर्वी उमेदवाराचा वेग, उडी, उंची, फार काय हाताच्या पंजाची रुंदीदेखील मोजून घेतात. इतकी मोजमापे करून २००० साली टॉम ब्रेडी ह्यांचे नाव पुकारले गेले ते १९९ वे. चेंडू फेकून डाव चालविण्याची जी त्यांची जागा, त्या जागेचे सहा खेळाडू त्यांच्या आधी निवडले गेले होते. पुढे ह्याच ब्रेडींच्या संघांनी राष्ट्रीय अजिंक्यपद सात वेळा मिळविले. मोजपट्टी खोटी नव्हती. तिने पंजा मोजला, धाव मोजली. पण जे मोजावयाचे होते ते मोजपट्टीच्या कक्षेतच नव्हते.

आता आपण पुन्हा लखनौस येऊ. २७ मे २०२५ च्या रात्री लखनौच्या मैदानावर ते दोघे यष्टिरक्षक समोरासमोर आले. त्या रात्री दोघेही आपापल्या संघाचे कर्णधार होते. ज्यांच्या प्रत्येक धावेचा आम्ही भाव काढला होता, त्या पंत ह्यांनी नाबाद ११८ धावा केल्या. उत्तरादाखल जितेश शर्मा ह्यांनी अवघ्या ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकला. शतक करणारा हरला, शतक न करणारा जिंकला. भागाकाराने ह्याचे काय उत्तर द्यावे? परंतु त्या रात्रीची आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट धावफलकावर नाहीच. लखनौच्या गोलंदाजाने चेंडू न टाकता, पलीकडच्या टोकास क्रीज सोडून पुढे सरकलेल्या जितेश ह्यांची यष्टी उडविली. तिसऱ्या पंचाने नियमान्वये त्यांस नाबाद ठरविले. आणि पंत ह्यांनी आपल्या संघाचे अपील मागे घेतले. हातातून सामना निसटत असता प्रतिपक्षाचा सर्वांत धोकादायक फलंदाज असा बाद मिळविणे त्यांस नको होते. जितेश ह्यांनी जाऊन त्यांस मिठी मारली. ह्या कृत्याची नोंद २७ कोटींच्या हिशेबात कोणत्या रकान्यात करावी? जमेस धरावी की खर्ची टाकावी? आमच्या घरच्या गणितज्ञास हा प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

ह्यावरून आम्ही पैशालाच दोष देतो, असा समज होऊ नये. पैशावाचून काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारे ते पहिले पुरुष. त्यांस तेथवर पाठविण्यासाठी त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९८४ साली खाशाबा वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. असा काळ परत यावा, असे म्हणणारा खेळाचा मित्र नव्हे. गरिबाच्या मुलाच्या मनगटास चार पैसे मिळत असतील तर ते जरूर मिळावेत, आणि भरपूर मिळावेत. आमचे म्हणणे इतकेच की, किंमत ही त्याच्या पोटासाठी आहे; आपल्या जिभेसाठी नव्हे.

शेवटचा दाखला आमच्या बुलढाण्याचाच देतो. येथील तिरंदाज प्रथमेश जावकर ह्यांनी २०२३ च्या मे महिन्यात शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत जगातील अग्रगण्य धनुर्धर नेदरलँड्सचे माइक श्लोसर ह्यांस १४९ विरुद्ध १४८ गुणांनी हरविले. पन्नास मीटर अंतरावर, आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, पंधरांपैकी चौदा बाण! त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी संघासह सुवर्णपदक मिळविले. त्या बाणांवर कोणी बोली लावली नव्हती. म्हणून ते लक्ष्यापासून केसभरही ढळले नाहीत. आणि बोली नव्हती म्हणूनच की काय, त्या यशाची चर्चा आमच्या ओसरीवर २७ कोटींच्या दशांशानेही झाली नाही. आपल्याच गावच्या बाणाची आम्ही विचारपूस केली नाही, आणि परगावच्या धावेचा भाव मात्र काढीत बसलो. २०२५ च्या ऑक्टोबरात दिल्लीस तिरंदाजीचीही संघवार लीग सुरू झाली. तेथे आमच्या मुलांस चांगला मोबदला मिळो. पण त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक नवव्या गुणाची किंमत आम्ही काढू लागलो, तर त्यांच्या मिळकतीबरोबर त्यांच्या वाट्यास आमची निर्दयताही येईल.

म्हणून खेळाची चिकित्सा करूच नये काय? अवश्य करावी. फटका चुकला तर चुकला म्हणावे. क्षेत्ररक्षक ढिला असेल तर ढिला म्हणावे. खेळाडूचा खेळ बारकाईने पाहणे हा त्याचा गौरवच आहे, आणि डोळस टीका ही स्तुतीहून मोठी भेट होय. पण ती टीका खेळाच्या मापाने करावी. किंमत बाजार ठरवितो, कामगिरी मैदान ठरविते, आणि मोल ठरविण्याचा अधिकार ह्या दोहोंसही नाही.

झेल सुटलेल्या त्या मुलाच्या घरी आम्ही आमच्या मुलास घेऊन गेलो. क्षमा कोणी कोणाची मागावी हे जरा अवघड होते, म्हणून प्रथम आम्हीच मागितली. मुले अंगणात गेली, आणि थोड्याच वेळात चेंडूचा आवाज येऊ लागला. त्यानंतरही आमच्या घरी सामने पाहिले जातात, वादही होतात. मात्र आकड्यास आकड्याने भागण्याचा कागद आम्ही पुन्हा काढलेला नाही.