कमानीला पैसे आहेत, म्हाताऱ्यांना नाहीत?

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, बसा सगळे. मोबाइल खिशात. तुमच्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे पदाचा रुबाब इथे चालणार नाही.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा काढा आणि एवढंच दाखवा: साठी ओलांडलेल्या माणसासाठी कुठल्या पानावर किती रुपये ठेवलेत? उलटा पानं. गावाच्या वेशीवर कमान आहे. जिथे चिखल होत नाही तिथेही पेव्हर ब्लॉक आहेत. म्हातारा कुठे आहे? बक्षीस वाटताना सत्काराच्या शालीत तेवढा आहे.

ग्रामसभेला पंधरा टक्के नाहीतर शंभर मतदार लागतात. बुलढाणा जिल्ह्यातली तरणी पोरं पुण्याला, सुरतेला, वाळूजच्या कंपन्यांत गेली. मग तुमचा कोरम भरतो कोण? गुडघे धरत आलेले हेच आजा-आजी. सह्या त्यांच्या, अंगठे त्यांचे आणि ठराव मात्र कमानीचा. लाज वाटते का थोडी तरी?

"सर, निराधारचे पैसे देतं ना सरकार!" कोण म्हणालं? उभा राहा. श्रावणबाळ योजनेचे 1,500 रुपये मिळतात, खरं आहे. त्यातला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसासाठी 200 रुपये आणि तो 2007 पासून जागचा हललेला नाही. आता उत्पन्नाची अट सांग. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. 2025-26 ची रोजगार हमीची मजुरी 312 रुपये. कर भागाकार. सून 68 दिवस कामावर गेली की कागदावर ते घर सुखवस्तू आणि सासूचा अर्ज बाद! वयोश्री योजनेचे एकदाचे 3,000 द्यायला तेच सरकार दोन लाखांची मर्यादा धरतं. ही विसंगती मुंबईला कळवायचा एक तरी ठराव तुम्ही केलात?

आणि सरकार देतं म्हणून तुम्ही सुटलात, हे कुणी शिकवलं? 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. पंचायतींकडे द्यायच्या 29 विषयांत समाजकल्याण आहे, आरोग्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आला. त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, 40 टक्के अबंधित. हे 40 टक्के कशावर घालवायचे हे गावाने ठरवायचं होतं. गावाने कमान ठरवली की ठेकेदाराने?

स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 10, दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावे लागतात. ते तुम्ही करता, निदान कागदावर. का? तपासणीला साहेब येतो म्हणून. म्हाताऱ्यांसाठी तशी सक्ती नाही, म्हणून तुमच्या वहीत रकानाच नाही. छडी दिसली तरच पाढे म्हणायचे, ही तुमची चौथीपासूनची खोड. केरळात पंचायतींनी वृद्धांसाठी तरतूद ठेवायची पद्धत कधीची रुजली आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका जाते ती स्थानिक संस्थांच्या बळावर.

तिजोरी रिकामी आहे म्हणता. असणारच! मतं जातील म्हणून थकलेल्या घरपट्टीसाठी कुणाच्या दारात जात नाही, आणि म्हाताऱ्यांचा विषय निघाला की निधी नाही म्हणून रडता.

लातूर जिल्हा परिषदेने आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 30 टक्के पगार कापायचं ठरवलं, तेव्हा चावडीवर तुम्ही किती टाळ्या वाजवल्या! दुसऱ्याच्या पगाराला कात्री लावणं सोपं असतं. आपल्या अंदाजपत्रकाला हात लावा, मग टाळ्या वाजवा.

जिल्हा परिषदेकडे बोट दाखवू नका. 2017 ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक बसला, हे मला ठाऊक आहे. पण वरचा वर्ग बिनमास्तरचा होता म्हणून तुम्हाला सुट्टी मिळत नाही.

मी काही राजवाडा मागत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावचा खारपाणपट्टा बघा. खारं पाणी पिऊन मूत्रपिंडं खराब झालेली माणसं तिथे घरोघर भेटतील. वर्षातून दोनदा त्यांची रक्ततपासणी करा. बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात महिनाभर पुरतील, हे पाहा. सार्वजनिक शौचालयात एक कमोड आणि धरायला दांडी बसवा. समाजमंदिराचं कुलूप दिवसा काढा. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पण ज्या गावात एसटीच येत नाही तिथे बँकेत अंगठा द्यायला ऑटोचे पैसे कोण देतं? महिन्यातून एक दिवस बँक मित्राला गावात बसवा. गावात एकटं कोण राहतं याची यादी आशाताईंना तोंडपाठ आहे, ती दप्तरी नोंदवून घ्या.

बारा जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाला जाऊन मातृशक्तीवर भाषणं ठोकता. शेगावला सेवेकरी म्हणून नंबर लागावा यासाठी महिनोन्महिने थांबता. सेवा करायचीच आहे ना? मग गल्लीतल्या आजीला कोण विचारणार?

येत्या ग्रामसभेत ठराव आणा: स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के ज्येष्ठांसाठी, आराखड्यात वेगळा रकाना, खर्चाचा हिशेब फळ्यावर. कायद्याने अडवलेलं नाही. अडलंय ते तुमच्या मनात.

आणि मागे बसलेल्या आजा-आजींनो, तुम्हालाही सांगतो. पुढच्या सभेत अंगठा देण्याआधी ठराव मोठ्याने वाचायला लावा. त्यात आपला रकाना नसेल, तर अंगठा देऊ नका.